बाई, ‘थ्रू’ हा लांब शब्द आहे

‘एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे. दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे स्क्रॅबलचा डाव रंगतो, बोर्डावर अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द लावायचे आणि गुण मिळवायचे. मी, माझी धाकटी जाऊ आणि सोसायटीतल्या दोघी. जाऊ बारावीपर्यंत शिकलेली, दिवसभर दुकानात असते. तरी जिंकते तीच, आणि तेही ‘क्यूआय’, ‘झेडए’, ‘एए’ असले काहीबाही शब्द लावून! हे शब्द तरी आहेत का? माझा शब्दसंग्रह तिच्या दसपट असेल. गेले चार महिने मी डिक्शनरी घेऊन रोज दहा लांब शब्द पाठ करते आहे. वहीत बाराशे झाले. त्यातला एकही अजून बोर्डावर लागलेला नाही. मागच्या गुरुवारी जाऊ म्हणाली, “ताई, तुमची वही आता रद्दीत घाला.” हसून म्हणाली, पण लागलं. नेमके कोणते लांब शब्द पाठ करू, ते सांगा.’
– एक बाई, डोंबिवली

बाई,

शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार? तुमच्या पत्रासोबत वहीच्या एका पानाचा फोटो आहे. अक्षर काय सुरेख आहे हो! पण त्या पानावरचा तिसरा शब्द ‘अँटिडिलुव्हियन’ आणि सातवा ‘पर्स्पिकेशस’. पहिल्याची अक्षरं बारा, दुसऱ्याची तेरा. तुमच्या हातात टाइल्स, म्हणजे एकेक अक्षर आणि त्याचे गुण छापलेल्या सोंगट्या, असतात सात. म्हणजे ‘अँटिडिलुव्हियन’ लावायचा तर त्यातली पाच अक्षरं बोर्डावर आधीच, नेमक्या जागी, एका ओळीत पडलेली हवीत आणि उरलेली सातच्या सात तुमच्या रॅकवर, म्हणजे टाइल्स मांडायच्या पट्टीवर, हवीत. तुम्ही, तुमची जाऊ आणि माझी पुढची पिढी दर गुरुवारी खेळत बसली तरी हा योग येईल असं मला वाटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. या खेळात लांब शब्द म्हणजे सात किंवा आठ अक्षरांचा. सातही टाइल्स एका खेपेत लावल्या की पन्नास गुण वरचे मिळतात, त्याला कोणी बिंगो म्हणतं, कोणी बोनस. सात अक्षरी शब्द आपल्या हातातला, आठ अक्षरी म्हणजे हातातले सात आणि बोर्डावरचं एक. त्याच्या पुढचं सगळं शोभेचं. १९८२ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला कार्ल खोशनॉ नावाच्या खेळाडूनं एका शब्दात ३९२ गुण मिळवले, हा विक्रम आजही सांगितला जातो. शब्द होता ‘कॅझीक्स’, म्हणजे वेस्ट इंडीजकडचे टोळीप्रमुख. सी-ए-झेड-आय-क्यू-यू-ई-एस, मोजा, आठच. बोर्डाच्या कडेला ट्रिपल वर्डचे, म्हणजे शब्दाचे गुण तिप्पट करणारे, दोन लाल चौकोन एका शब्दाखाली आणायला बरोबर आठ अक्षरं लागतात. तीन गुणिले तीन, नऊपट. एवढ्यावरच तो खेळ झाला.

आता एक गंमत, जी मराठी माणसालाच छळते. आपला कान लांबी मोजतो ती अक्षरांवर, म्हणजे आपल्या अक्षरांवर. ‘एरिया’ आपल्याला तीन अक्षरी, भरघोस वाटतो. टाइल्स लागतात चार. आणि ‘थ्रू’? एक अक्षर, तोंडातून फुंकरीसारखं जाणारं. पण टी-एच-आर-ओ-यू-जी-एच, सात टाइल्स! चौदा गुण टाइल्सचे आणि पन्नास वरचे. ‘थॉट’ पण सातच. एकतीस वर्षं फळ्यावर तुम्ही हे शब्द लिहीत आलात, पण वहीत मात्र ‘पर्स्पिकेशस’, कारण तो कानाला भारदस्त. मुलांना ‘थ्रू’चं स्पेलिंग चुकलं म्हणून दहा वेळा लिहायला लावलं असेल, तेच स्पेलिंग आता तुमच्या कामी यायचंय. (दोन्ही एच तुमच्याकडेच यायला हवेत, कारण ज्या पिशवीतून टाइल्स काढायच्या, त्या अख्ख्या पिशवीत एच दोनच असतात. तेवढी कुरकुर मान्य.)

पिशवीत काय आहे, याचा विचार तुमच्या वहीत कुठेच दिसत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. हा खेळ काढला आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टनं. १९३० च्या मंदीत नोकरी गेली, हाताला काम नाही, तेव्हा. त्यानं वर्तमानपत्राची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्या हिशेबानं टाइल्स ठरवल्या. म्हणून पिशवीतल्या शंभर टाइल्समध्ये ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, एन, आर, टी सहा-सहा. क्यू, झेड, जे, एक्स, के यांची एकेकच टाइल. एस फक्त चार, कारण जास्त दिले तर अनेकवचनं करून लोक आरामात खेळतील अशी त्याला धास्ती होती. म्हणजे तुमच्या रॅकवर पुन्हा पुन्हा येणार ते ए, ई, आय, एन, आर, टी. मग सात अक्षरी शब्दही याच मंडळींचे शिकायला नकोत का? डिक्शनरी ‘ए’पासून उघडून बसलं की वहीत आर्डव्हार्क येतो, आणि रॅकवर येतात ई, ई, आय, एन, टी.

तर ती वही बंद करा (रद्दीत नको, त्याचं पुढे सांगते) आणि एकच शब्द घ्या: रेटिना. डोळ्यातला पडदा. आर-ई-टी-आय-एन-ए, सहा अक्षरं. आता यात एक-एक अक्षर घालत चला. सी घातला की सर्टन. पी घातला की पेंटर, आणि तोच उलटासुलटा केला की रिपेंट. जी घातला की ग्रॅनाइट, टिअरिंग. आर घातला की ट्रेनर. ई घातला की ट्रेनी. के घातला की केराटिन, केसांच्या शाम्पूवर असतं ते. एच घातला की हेअरनेट. आय घातला की विज्ञानाच्या बाईंचा इनर्शिया, टी घातला की नायट्रेट, एम घातला की मिनारेट. एस घातला की रिटेन्स, नॅस्टिअर, आणि अजून कितीतरी. एल घातला की लॅट्रिन, आणि यू घातला की जे होतं ते लॅट्रिनमध्येच करायचं असतं. युरिनेट, बाई. तुम्ही तोंड वाकडं केलंत, पण आता हा शब्द विसरून दाखवा.

एका शब्दावर पंधराएक शब्द झाले, आणि त्यातला कुठला तुम्हाला नवा होता? केराटिन, मिनारेट, फार तर. बाकीचे तुम्हाला शाळेपासून येतात. पाठ करायचा आहे तो सांधा: रेटिना अधिक अमुक म्हणजे तमुक. याला आम्ही खेळणारे लोक स्टेम म्हणतो. रेटिना पक्का झाला की ‘सटायर’ घ्या, एस-ए-टी-आय-आर-ई. पी घातला की पायरेट्स, डब्ल्यू घातला की वेटर्स, एल घातला की रिअलिस्ट. एवढे दोन स्टेम चार महिन्यांत झाले तरी मी खूश होईन.

पाठ कसं करायचं ते तुम्हाला मी काय शिकवणार, पण एक सांगते. शब्द वाचून पाठ करू नका, अक्षरं पाहून ओळखा. घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच. त्यांच्या कोऱ्या बाजूचे चौकोनी तुकडे करा. पुढे अक्षरं वर्णक्रमानं लिहायची, ए-सी-ई-आय-एन-आर-टी, मागे ‘सर्टन’. कारण रॅकवर अक्षरं येतात ती शब्द होऊन येत नाहीत, घोळका करून येतात. डोळ्याला तो घोळका ओळखीचा व्हायला हवा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दहा तुकडे. संध्याकाळी पुन्हा तेच दहा, परवच्यासारखे. जमलेले बाजूला, अडलेले उद्याच्या गड्डीत. मी गेली अनेक वर्षं हे करते आहे आणि माझी अडलेल्यांची गड्डी कधी संपलेली नाही, तेव्हा तुमची संपली नाही म्हणून मन खट्टू करू नका.

पण हेही सगळं केलंत आणि ‘क्यूआय’-‘झेडए’ला नाक मुरडत राहिलात, तर बाई, जाऊ तुम्हाला अशीच हरवत राहील. का, ते माझ्या फजितीवरून सांगते.

नवी नवी स्पर्धेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. समोर एक निवृत्त काका, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. माझ्या रॅकवर एक सरळ सात अक्षरी शब्द आला, ‘सर्टन’. छाती धडधडायला लागली. बोर्डाकडे पाहिलं तर जागाच नाही! सगळे शब्द एकमेकांना चिकटून बसलेले. पाच मिनिटं घड्याळ चालू ठेवून मी त्याला जागा शोधत होते, आणि शेवटी कंटाळून ‘ट्रेन’ लावला. डबल वर्डवर पडला, दहा गुण. हातात सी आणि ई उरले. डाव संपल्यावर काकांनी विचारलं, “मघाशी एवढा वेळ कसला विचार करत होता?” मी सांगितलं. त्यांनी बोर्ड माझ्याकडे फिरवला. खालच्या बाजूला ‘हीट’ लागलेला होता, एच-ई-ए-टी. त्यांनी एचच्या अलीकडे बोट ठेवलं. “इथे सी ठेवा. ‘हीट’चा ‘चीट’ झाला की नाही? आता त्याच सीपासून खाली ‘सर्टन’.” नऊ गुण ‘सर्टन’चे, दहा ‘चीट’चे, पन्नास वरचे. एकोणसत्तर. माझे दहा.

मी पुरती वरमले होते, पण काका थांबायला तयार नव्हते. वरच्या कोपऱ्यात एक ओ मोकळा होता. “सर्टनमध्ये ओ घातला की काय होतं?” मी गप्प. “क्रिएशन. नाहीतर रिअ‍ॅक्शन. तुम्हाला जे आवडेल ते.”

तो डाव मी कितीनं हरले ते आठवत नाही, आणि आठवत असतं तरी सांगितलं नसतं.

मुद्दा असा की लांब शब्द येणं हे अर्धं काम. तो टेकवायला कोपरा लागतो, आणि तो कोपरा देतात तेच चिमुकले शब्द, ज्यांना तुम्ही काहीबाही म्हणता. सात अक्षरी शब्द बहुतेक वेळा दुसऱ्या शब्दाला खेटून, समांतर बसतो. मग दोन, तीन, चार ठिकाणी उभे दोन अक्षरी शब्द तयार होतात आणि ते सगळे खरे असावे लागतात. दोन अक्षरी शब्द जिला येतात तिला बोर्डावर पंचवीस जागा दिसतात, तुम्हाला चार. जगभरातल्या बहुतेक स्पर्धा ज्या कॉलिन्स डिक्शनरीच्या शब्दयादीवर चालतात, तिच्यात असे शब्द सव्वाशेच्या घरात आहेत. त्यातले निम्मे तुम्हाला येतातच: इट, इन, ऑन, वी, मी. उरलेले साठेक आठवड्याभरात होतील. आणि तुमचा प्रश्न: हो, तिन्ही खरे. ‘क्यूआय’ म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती, अकरा गुण, यू नसताना क्यू खपवायची हुकमी वाट. ‘झेडए’ म्हणजे पिझ्झाचं अमेरिकन पोरांनी केलेलं लाडकं रूप. ‘एए’ म्हणजे ज्वालामुखीचा खडबडीत लाव्हा, शब्द हवाई बेटांवरचा. जावेला हे अर्थ ठाऊक असतील असं नाही, आणि तिचं काही अडलेलंही नाही.

अर्थ ठाऊक नसताना शब्द लावणं तुमच्यातल्या बाईंना खुपतं, ते पत्रात ओळीओळीत दिसतं. मलाही खुपायचं. २००७ साली जागतिक स्क्रॅबल स्पर्धा आपल्या मुंबईत झाली आणि न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं ती जिंकली. याच गृहस्थानं २०१५ मध्ये बेल्जियममध्ये फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं! सुमारे नऊ आठवडे त्यानं फ्रेंच शब्दांची यादी वाचली होती, बस. हा खेळ म्हणजे भाषेची परीक्षा असं धरून चाललं की नायजेल रिचर्ड्सचं काय करायचं ते कळत नाही. माझ्या मते हा हिशेबाचा आणि नजरेचा खेळ आहे, ज्याच्या सोंगट्यांवर अक्षरं छापलेली आहेत. तुमची जाऊ दुकानात रोज काय करते? कोणता माल आधी खपवायचा, कोणता ठेवायचा, हेच ना? तिला हा खेळ साधला यात मला नवल वाटत नाही.

तिच्याकडून घ्यायची गोष्ट तीच. काय लावलं याच्याइतकंच हातात काय उरलं ते पाहायचं. समजा तुमच्या रॅकवर आहेत ए, ई, एन, आर, टी आणि दोन डब्ल्यू. तुम्ही काय लावाल? मी पैज लावते, ‘वॉटर’. पाच अक्षरं, आठ गुण, हातात एन आणि एक डब्ल्यू. जाऊ बोर्डावरचा एक मोकळा ओ शोधेल, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन्ही डब्ल्यू ठेवेल. ‘वॉव’. नऊ गुण. आणि हातात उरले ए, ई, एन, आर, टी. ओळखलंत? रेटिनाला एक आय कमी. पिशवीतून दोन टाइल्स काढायच्या आहेत आणि आय नऊ आहेत. पुढच्या खेपेला ती बिंगो लावते आणि तुम्ही म्हणता, हिचं नशीब बघा!

म्हणून अवघड अक्षरं आखूड शब्दांत फुंकून टाकायची, गुणी अक्षरं जपायची. स्वर-व्यंजनांचा तोल साधारण तीन-चार किंवा चार-तीन ठेवायचा. एस पाच-सात गुणांसाठी उधळायचा नाही, कोरी टाइल, जी कुठलंही अक्षर म्हणून चालते, ती तर मुळीच नाही. आणि रॅकवर आय, आय, यू, यू, व्ही असा कचरा जमला की टाइल्स बदलून घ्यायच्या. पिशवीत निदान सात शिल्लक असेपर्यंत हे नियमात बसतं. एक खेप जाते, पण जाऊ दे. पुष्कळ जणींना हे हार मानल्यासारखं वाटतं. मी स्पर्धेत चांगल्या चांगल्या खेळाडूंना निर्विकार चेहऱ्यानं पाच टाइल्स पिशवीत टाकताना पाहिलंय.

एका खोडीपासून मात्र सावध. लांब शब्दांचा नाद लागला की माणूस आय-एन-जी जमवून बसतो. तीन टाइल्स अडकवून ठेवायच्या आणि उरलेल्या चारांवर चार-चार खेपा सहा-सहा गुणांत काढायच्या. मग ‘इंग’ लागतो तेव्हा समोरची ऐंशीनं पुढे असते. आलं तर घ्या, वाट बघत बसू नका.

आता तुमची वही. तिच्यातले सात आणि आठ अक्षरी शब्द वेगळे काढा, शंभरएक तरी निघतील. आणि मागच्या कोऱ्या पानांवर एक नवी यादी सुरू करा, आपल्याकडून गेलेल्या शब्दांची. ही मात्र तुम्हाला पाठ करावी लागणार नाही. चपाती, सी-एच-ए-पी-ए-टी-आय, सात. एक समोसा सहा, दोन समोसे सात, आणि हा एस मात्र खर्च करायला हरकत नाही. चटणीचं इंग्रजी ‘चटनी’, सात. महात्मा, सात. व्हरांडा, सात. जोधपूर, म्हणजे घोडेस्वाराची तंग विजार, सात अक्षरं आणि त्यात जे! नुसत्या टाइल्सचे वीस गुण, वर पन्नास. लाख चार अक्षरांत अकरा गुण देतो, क्रोर पाच अक्षरांत सातच. हा एकच बाजार असा जिथे लाख कोटीपेक्षा महाग. घेराव इंग्रजांनी क्रियापद म्हणून घेतला आणि त्याला ‘ईडी’ लावून आठ अक्षरी भूतकाळ केला, घेरावलेला! आणि मंगूस तर थेट आपल्या मराठी मुंगसावरून गेलेला आहे. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, आठ. बोर्डावर एखादा ओ मोकळा असला की मी अजूनही आधी मुंगूस शोधते. अजून एकदाही सापडलेलं नाही.

राहिलं जावेचं बोलणं. गुरुवारी डाव सुरू व्हायच्या आधी चौघींनी मिळून एक यादी ठरवा, मोबाइलवर शब्द तपासायचा तो त्याच यादीत. मग ‘असला शब्द असतो का’ हा वाद उरत नाही. आणि डाव संपला की जावेला विचारा, “माझ्या रॅकवर हे होतं, तू काय लावलं असतंस?” विचारायला जड जाईल, माहीत आहे. मला त्या काकांना विचारावंही लागलं नव्हतं, तरी जड गेलं होतं. पण ती दाखवेल. वहीला रद्दी म्हणणारी माणसं बहुतेक वेळा दाखवायला उत्सुकच असतात.

तोवर एक गोष्ट तुमच्याकडे ठेवा. ‘क्यूआय’ला मागून एस लागतो, हे तिला येत असणार. तो ‘झेडए’लाही लागतो. पुढच्या वेळी तिनं ‘झेडए’ लावून ठेवला, तुमच्याकडे ‘सटायर’ आणि एक एल असला, तर ‘रिअलिस्ट’ नको, त्यात एस मधे अडकतो. हीच अक्षरं एसपासून सुरू करून पाहा. एस-ए-एल-टी-आय-ई-आर. झेडएच्या शेवटाला तो एस टेकवायचा आणि तिथून खाली उतरायचं. सॉल्टिअर, म्हणजे जास्त खारट.